‘अज्ञात वाहन’ या दोन शब्दांचा इतिहास

‘अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार ठार.’ पेपरच्या आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात ही चार ओळींची बातमी आठवड्यातून एकदोनदा असतेच. नाव, वय, रा. अमुक, अज्ञात वाहनचालकाविरुद्ध गुन्हा दाखल, पुढील तपास पोलीस हवालदार तमुक करीत आहेत. विषय संपला. त्या ‘पुढील तपासा’चं काय झालं, याची बातमी सहसा येत नाही. बावीस वर्षं तालुक्याच्या ठिकाणी पत्रकारिता करतोय, तरी अशी पुढची बातमी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली.

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. सवडीने वाचा, पण वाचा. कारण या दोन शब्दांमागे दीडशे वर्षांचा कायद्याचा इतिहास आहे आणि त्यातलं शेवटचं प्रकरण आपल्या तालुक्यातल्या काही घरांच्या थेट हक्काच्या पैशांशी जोडलेलं आहे. त्या घरांना ते माहीतच नाही.

आधी आकडे बघू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३०,४८६ ‘हिट अँड रन’मध्ये. म्हणजे धडक देऊन गाडी निघून गेली. शंभरातले अठरा. त्या वर्षी एकट्या महाराष्ट्रात एकूण मृत्यू १५,२२४. रोजचे चाळीसच्या वर. पळून गेलेली प्रत्येक गाडी अज्ञातच राहते असं नाही, काही सापडतात. पण जी सापडत नाही तिच्यामागे राहिलेल्या कुटुंबाची कायद्यातली जागा कशी घडत गेली, हे बघण्यासारखं आहे.

सुरुवात १८६० पासून. इंग्रजांनी भारतीय दंड संहिता केली तेव्हा मोटार नव्हतीच. २७९ कलम लिहिलं गेलं ते घोडागाडी, टांगा, बैलगाडी, घोडेस्वार डोळ्यांपुढे ठेवून. सार्वजनिक रस्त्यावर हयगयीने गाडी हाकली तर सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. १८६० मधले हजार रुपये! त्या काळी ही रक्कम म्हणजे टांगेवाल्याचा घोडा-टांगा विकूनही न फिटणारी. गंमत अशी की १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, २७९ चं २८१ झालं, पण दंडाची वरची मर्यादा तीच. हजार रुपये. आज एवढ्यात मोटारसायकलची टाकीसुद्धा जेमतेम भरते.

पुढे १८७० मध्ये ३०४-अ घातलं. निष्काळजीपणाने मृत्यू, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. हेच कलम पुढे १५४ वर्षं या देशातल्या जवळपास प्रत्येक प्राणघातक अपघाताला लागत राहिलं. गुन्हा जामीनपात्र. ट्रकवाला संध्याकाळी ठाण्यात आणला आणि रात्री टेबल जामिनावर सुटला, हे दृश्य कोर्ट-पोलीस कव्हर करणाऱ्या कुणालाही नवीन नाही. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथराव मुंडे गेले. केंद्रीय मंत्री, शपथ घेऊन दहा दिवससुद्धा झाले नव्हते. त्यांच्या गाडीला धडकलेल्या कारच्या चालकावरही हीच दोन कलमं लागली, २७९ आणि ३०४-अ, आणि त्याच दिवशी त्याला कोर्टातून जामीन मिळाला. त्यात बेकायदा काहीच नव्हतं. कायदाच तसा होता.

पण मुद्दा शिक्षेच्या लांबीचा नाही. या दोन्ही कलमांत पळून जाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं, हे लक्षात घ्या. टांग्याच्या काळात त्याची गरजही नसावी. टांगेवाला पळून पळून जाणार कुठे? घोड्याच्या रंगावरून गाव त्याला ओळखायचं.

मोटार आली आणि हे बदललं. १९१४ मध्ये देशभरासाठी पहिला मोटार वाहन कायदा झाला. त्यात अपघात झाला तर गाडी थांबवायची आणि नाव-पत्ता द्यायचा, हे चालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं गेलं. म्हणजे पळून जाता येतं हे सरकारला ११० वर्षांपूर्वीच कळलं होतं.

मग १९३९ चा कायदा. त्यातला विम्याचा भाग प्रत्यक्षात लागू झाला १ जुलै १९४६ पासून. रस्त्यावर गाडी आणायची तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा. गाडीमालक कंगाल असला तरी मेलेल्याच्या घरच्यांना विमा कंपनीकडून पैसे मिळावेत, ही कल्पना. आधी त्यासाठी दिवाणी कोर्टात दावा लावावा लागे, स्टॅम्प भरून. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची वाट उघडली. आपल्याकडे ज्याला सगळे ‘क्लेम’ म्हणतात तो हाच. ‘क्लेम लावला का?’ हा प्रश्न तिसऱ्याच्या दिवशीच विचारला जातो, इतकं हे गावागावांत पोचलं.

आणि नेमकी इथेच मेख आहे. विमा गाडीचा असतो. गाडीचा नंबर असेल तर पॉलिसी, पॉलिसी असेल तर कंपनी, कंपनी असेल तर क्लेम. नंबर नाही तर काहीच नाही. विम्याचा कायदा जसजसा मजबूत होत गेला तसतसा ‘अज्ञात’ हा शब्द महाग होत गेला. एकाच वळणावर, एकाच रात्री मेलेल्या दोन माणसांपैकी ज्याला मारणाऱ्या ट्रकचा नंबर कुणी पाहिला त्याच्या बायकोला काही लाख, आणि ज्याचा नाही पाहिला तिला शून्य.

या शून्याची दखल घ्यायला १९८२ उजाडलं. त्या दुरुस्तीत दोन गोष्टी आल्या. गाडी माहीत असेल तर चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५,००० रुपये. आणि गाडी अज्ञात असेल तर सरकारी योजनेतून ५,००० रुपये, गंभीर जखमीला १,०००. एक तृतीयांश किंमत. १९८८ च्या नव्या कायद्यात ते ८,५०० झाले, १९९४ मध्ये २५,०००. त्यानंतर? त्यानंतर जवळजवळ २८ वर्षं २५,०००च. सोनं कुठून कुठे गेलं, एकरी भाव कुठून कुठे गेला, अज्ञात वाहनाखाली मेलेल्याचा भाव जागचा हलला नाही. १ एप्रिल २०२२ पासून तो २ लाख झाला, गंभीर दुखापतीला ५०,०००. ही रक्कम आजही पुष्कळांना ऐकूनसुद्धा माहीत नाही. त्याकडे येतोच.

आता गाडी अज्ञात राहते कशी, ते बघू. त्याला तीन माणसं लागतात: पळणारा चालक, गप्प बसणारा बघ्या आणि लिहिणारा पोलीस. तिघांचीही कायद्यात वेगवेगळी गोष्ट आहे.

चालकापासून सुरू करू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम सांगतं की अपघात झाल्यावर चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे, पोलिसांना कळवायचं, जवळ पोलीस नसेल तर जवळच्या ठाण्यात जायचं, लवकरात लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत. पण त्याच कलमात एक सवलत आहे. जमावाच्या रागामुळे शक्य नसेल तर जखमीला मदत न करता गेलं तरी चालेल. म्हणजे देशाच्या संसदेने कायद्याच्या पुस्तकात लेखी मान्य केलं की अपघातानंतर लोक चालकाला मारतात. ‘संतप्त जमावाने ट्रक पेटवून दिला’ हे वाक्य आम्ही पेपरवाले लिहितो, ते कायद्यात आधीच आहे.

आणि न थांबल्याबद्दल शिक्षा किती? २०१९ पर्यंत तीन महिने किंवा पाचशे रुपये दंड. आता सहा महिने किंवा पाच हजार. आता चालकाच्या जागी बसून हिशेब करा. थांबलो तर मार, कदाचित जीवही जाईल. शिवाय दारू घेतली असेल तर रक्ततपासणी. पळालो आणि सापडलो तर वर फार तर काही महिने. नाही सापडलो तर काहीच नाही. वर चोवीस तास. दारू उतरायला चोवीस तास पुष्कळ झाले.

याच्या उलट उदाहरण मुंबईच्या कार्टर रोडचं. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात ठार, आठ जखमी. चालक जागेवर सापडला, रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं. सत्र न्यायालयाने ३०४-अ खाली सहा महिने दिले, हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ती कायम ठेवली. तो निकाल उभा राहिला त्यात त्या पहिल्या काही तासांतल्या कागदाचा वाटा मोठा होता. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली, ती का, हे यावरून समजेल. पहिल्या तासांतला कागद ज्याच्या हातात, केस त्याच्या हातात.

आता बघ्या. आपण सगळे. त्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याची भीती पोकळ नव्हती. जखमीला दवाखान्यात नेलं की ‘तुम्हीच धडक दिली का?’ इथून सुरुवात. मग जबाब, मग साक्षीचं समन्स, मग पाच वर्षं तारखा. आणि दवाखाना? तिथे ‘पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या’ हे ठरलेलं उत्तर.

या उत्तराविरुद्धची लढाई एका बातमीने सुरू झाली, म्हणून मला ती विशेष जवळची. दिल्लीकडे एका स्कूटरवाल्याला कारने उडवलं. एकाने त्याला उचलून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे सांगितलं, आम्हाला पोलीस केस घेण्याची परवानगी नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलात न्या. वाटेत तो गेला. ही बातमी इंग्रजी पेपरात छापून आली आणि परमानंद कटारा नावाच्या वकिलांनी ती जोडून थेट सुप्रीम कोर्टात याचिका केली. २८ ऑगस्ट १९८९ ला निकाल आला: सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, कायद्याचे सोपस्कार नंतर. १९९४ मध्ये हे १३४ व्या कलमातच घालण्यात आलं. तरीही ‘पोलीस केस आहे’ हे वाक्य पुढे कित्येक वर्षं आपण ऐकत राहिलो.

उचलून नेणाऱ्याला संरक्षण मिळायला आणखी सत्तावीस वर्षं गेली. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१३ मध्ये देशातल्या शहरांत पाहणी केली, तर चारपैकी तीन जण म्हणाले, आम्ही मदत करणार नाही. त्यातल्या ८८ टक्क्यांनी कारण दिलं पोलीस-कोर्टाची कटकट. त्यांच्याच याचिकेवर ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टाने नियम बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीत ते १३४-अ म्हणून कायद्यात आले. थोडक्यात सांगतो, लक्षात ठेवा: जखमीला दवाखान्यात सोडून तुम्ही निघून जाऊ शकता. नाव, नंबर सांगायची सक्ती नाही. फोन करून कळवलं तरी नाव सांगायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर. दवाखान्याने तुमच्याकडे पैसे मागायचे नाहीत आणि हे सगळं दवाखान्याच्या दाराशी मराठीत बोर्डावर लावलेलं पाहिजे. आपल्या शहरातल्या किती दवाखान्यांत असा बोर्ड आहे, येता-जाता बघून खाली सांगा. मी चार ठिकाणी बघितलं. एका ठिकाणी होता, औषधांच्या खोक्यांमागे.

आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ ची गाडी आली, त्याने खूप फरक पडला हे मान्य करायला हवं. मार्च २०२१ मध्ये महामार्ग पोलिसांनी ‘मृत्युंजय दूत’ म्हणून ढाबेवाले, पंपावरची पोरं, रस्त्याकडेच्या गावातली माणसं यांना प्रथमोपचाराचं शिक्षण देऊन गट केले. कल्पना उत्तम. कारण पहिला माणूस पोचतो तो ढाब्यावरचाच. गाडीचा रंग, नंबरातले निदान शेवटचे दोन आकडे पाहणाराही तोच असतो.

मग तिसरा, पोलीस.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त हवालदार आहेत. नाव नको म्हणाले. ऐंशीच्या दशकात भरती झालेले. पंचनामा कसा करायचे, विचारलं, तर म्हणाले, ‘‘टेप कुठली? पावलं मोजायची. रस्त्याच्या कडेपासून मयत आठ पावलं. पंच म्हणून चहाच्या टपरीवाला आणि पंक्चरवाला. आमचे पंच ठरलेले असायचे.’’ तेच दोन पंच वीस केसमध्ये, आणि सहा वर्षांनी कोर्टात उभे राहिले की ‘मला काही आठवत नाही, सही माझी आहे.’ फितूर. आरोपी सुटला. मग मी विचारलं, अज्ञात वाहन सापडायचं का? त्यांनी एक हिशेब सांगितला जो कुठल्या पुस्तकात नाही. ट्रक सापडला तर अटक, जामीन, मालकाला नोटीस, आरटीओकडून गाडीची तपासणी, दोषारोपपत्र, तारखांना हजेरी. नाही सापडला तर एक ‘अ’ समरी.

‘अ’ समरी म्हणजे काय, तर गुन्हा खरा पण आरोपी मिळून येत नाही, म्हणून तपास बंद करायला कोर्टाची मंजुरी. पोलिसांवर टीका करताना दुसरी बाजूही लिहितो: तालुक्याच्या ठाण्यात माणसं मोजकी, त्यात जत्रा, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा, निवडणूक. रात्री अडीचला अपघात झाला तर हवालदार एकटा, मृतदेह सिव्हिलला पाठवायचा, वाहतूक मोकळी करायची, नातेवाईक शोधायचे. त्यात ‘ही हद्द आमची नाही’ हा जुना रोग. पुलाच्या अलीकडे एक ठाणं, पलीकडे दुसरं. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने हद्द कुठलीही असली तरी फिर्याद घ्यावीच लागते.

पण साधनं पूर्वीसारखी राहिलेली नाहीत, हेही खरं. हेडलाइटच्या काचेचे तुकडे आणि रंगाचे खवले पूर्वीही असायचे, ते उचलून पाकिटात सील करायचे असतात. आता त्यात टोलनाक्याचा कॅमेरा आला, ढाब्याचा आला, फास्टॅग आला. वेळ धरून मागेपुढे दोन नाके तपासले तर संशयित गाड्यांची यादी निघते. फक्त हे लगेच करावं लागतं. ढाब्याच्या डीव्हीआरमधलं जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. पंधरा दिवसांनी पत्र देऊन उपयोग नसतो. ऊस हंगामात तर रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या, नंबर प्लेट चिखलाने माखलेली किंवा नाहीच. तिथे ‘अज्ञात’ हा शब्द धडकेच्या आधीपासूनच गाडीला चिकटलेला असतो.

१ एप्रिल २०२२ पासून पोलिसांच्या कामाला नियमांनी वेळा ठरवून दिल्या. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे. अंतरिम अहवाल ५० दिवसांत. सविस्तर अहवाल ९० दिवसांत. जखमीला किंवा मृताच्या वारसाला त्याचे हक्क सांगणारा छापील फॉर्म १० दिवसांत पोलिसांनी द्यायचा. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सुप्रीम कोर्टाने याच वेळा पाळायला सगळ्या राज्यांच्या पोलिसांना बजावलं. ज्यांच्या घरात अपघात झालाय त्यांनी आठवून बघावं, असा फॉर्म हातात पडला का. आणि त्याच दिवसापासून क्लेम लावायला सहा महिन्यांची मुदत आली आहे. ‘वर्षश्राद्ध झाल्यावर बघू’ म्हणू नका.

आता जानेवारी २०२४. आठवतंय ना, पंपावर रांगा लागल्या होत्या? नव्या न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात दुसरं पोटकलम आलं: अपघातात माणूस मेला आणि पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता चालक पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद. १८६० नंतर पहिल्यांदाच मूळ फौजदारी कायद्यात पळून जाण्याला वेगळी शिक्षा. ट्रकवाले, टँकरवाले संपावर गेले. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर बाहेर पडेनात, आणि गावोगावी लोक बाटल्या घेऊन पंपावर. दोन दिवसांत केंद्राने वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलून सांगितलं, चर्चेशिवाय हे लागू करणार नाही. १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू झाली, हे पोटकलम सोडून. पहिलं पोटकलम मात्र लागू आहे. ३०४-अ ची दोन वर्षं आता पाच झाली. गुन्हा जामीनपात्रच.

माझं मत विचाराल तर ड्रायव्हर लोकांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटलं नाही. आठ-दहा हजारांवर रात्रंदिवस गाडी हाणणारा पोरगा जमावापुढे थांबायला घाबरणारच. पण त्या पोटकलमात जागेवर थांबायला सांगितलेलंच नव्हतं, कळवायला सांगितलं होतं. पुढच्या ठाण्यात जाऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं. एवढी साधी गोष्ट ना सरकारने नीट समजावली ना आमच्या चॅनलवाल्यांनी. सगळ्यांना पंपावरची रांग दाखवायची घाई.

आणि या गोंधळानंतर दहाच दिवसांनी, १२ जानेवारी २०२४ ला, सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, ज्याला पेपरात जेमतेम जागा मिळाली. एस. राजशेखरन हे कोइमतूरचे हाडांचे डॉक्टर. रस्ते सुरक्षेसाठी २०१२ पासून त्यांची याचिका चालू आहे. त्यात न्यायमूर्ती अभय ओक, आपल्या ठाण्याचे, आणि न्यायमूर्ती पंकज मिथल यांच्यासमोर आकडे आले. २०२२ या एका वर्षात हिट अँड रनच्या ६७,३८७ घटना. आणि २०२२-२३ मध्ये त्या २ लाखांच्या योजनेखाली देशभरातून आलेले अर्ज? २०५. मंजूर झालेले ९५.

परत वाचा. सदुसष्ट हजार घटना, दोनशे पाच अर्ज.

कोर्टाने म्हटलं, लोकांना माहितीच नाही, आणि मग पोलिसांना सांगितलं: अपघात नोंदवल्यापासून एका महिन्यात गाडीचा तपास लागला नाही, तर ठाणे प्रमुखाने जखमीला किंवा मृताच्या वारसांना लेखी कळवायचं की या योजनेत भरपाई मागता येते. अर्ज कुठे करायचा त्या अधिकाऱ्याचा पत्ता, ई-मेल त्यात द्यायचा. शिवाय अपघाताचा पहिला अहवाल स्वतःहून त्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा. जिल्ह्यात देखरेख समिती करायची, तिने दर दोन महिन्यांनी बसायचं.

तो अधिकारी कोण? दावा चौकशी अधिकारी, म्हणजे सहसा आपले प्रांत किंवा तहसीलदार. जिल्हाधिकाऱ्यांकडे मंजुरी. अर्ज आल्यावर एका महिन्यात चौकशी अहवाल, पुढे पंधरा दिवसांत मंजुरी, त्यापुढे पंधरा दिवसांत पैसे थेट बँक खात्यात. वकील लागत नाही. एफआयआरची प्रत, पीएम रिपोर्ट किंवा दवाखान्याची कागदं, ओळखपत्र, पासबुक. पुढे गाडी सापडली आणि नियमित क्लेम मिळाला तर हे पैसे त्यातून वळते होतात, एवढंच.

गेल्या पावसाळ्यात एका वस्तीवर गेलो होतो. मालक रात्रपाळी करून मोपेडवर घरी येताना गेलेला. अज्ञात वाहन. बाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, दोन मुलं. घरातली कागदांची पिशवी आणून पुढे ठेवली. त्यात एफआयआर होती, पीएम रिपोर्ट होता, आणि ‘अ’ समरीची नोटीस होती, खाली तिचा अंगठा. विचारलं, वहिनी, हे कशाचं आहे माहीत आहे का? म्हणाली, ‘‘साहेब म्हणले गाडी घावली न्हाई, आता सही द्या म्हंजी सुटलात.’’ एका महिन्यात जे पत्र यायला हवं होतं ते त्या पिशवीत नव्हतं. दीर शेजारी उभा होता, तो म्हणाला, गाडीच नाही तर पैसे मागायचे कुणाकडे? तपास बंद करायला अंगठा घेण्यासाठी तिच्यापर्यंत माणूस पोचला. तेव्हाच दुसरा कागद दिला असता तर अर्ज त्याच दिवशी झाला असता. आता अर्ज भरून दिलाय, पोच घेतली आहे.

आपल्या उपविभागातल्या पोलीस ठाण्यांना माहिती अधिकारात तीन प्रश्न टाकलेत. १ एप्रिल २०२२ पासून अज्ञात वाहनाविरुद्ध प्राणघातक अपघाताचे गुन्हे किती? त्यातल्या किती घरांना भरपाईबद्दल लेखी पत्र दिलं, जावक क्रमांकासह? किती प्रकरणांचा पहिला अहवाल दावा चौकशी अधिकाऱ्याकडे पाठवला? प्रांत कार्यालयालाही एक अर्ज आहे: आलेले अर्ज किती, मंजूर किती. तीस दिवसांची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. उत्तरं जशी येतील तशी इथेच टाकतो, आकडे चांगले आले तरी टाकतो.

तोवर, तुमच्या भावकीत, गल्लीत, वस्तीवर असं घर असेल तर त्यांना कागदांची पिशवी काढायला सांगा. एफआयआरवर ‘अज्ञात’ लिहिलंय का बघा आणि मला इनबॉक्स करा. अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे, झेरॉक्सचे पैसे माझ्याकडून.